सामाईक भिंतीला हात लावण्याआधी

मुलाचं लग्न ठरलं, भावाभावांत वाटणी झाली किंवा घरकुलाचा हप्ता मंजूर झाला, की घर वाढवायचा विषय निघतो. खामगावच्या जुन्या पेठेत, मेहकरच्या गावठाणात किंवा जळगाव जामोदच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला त्या वेळी मिस्त्री आठवतो, सिमेंटचा भाव आठवतो, मुहूर्तही आठवतो. भिंतीपलीकडचा शेजारी मात्र बहुधा पाया खोदून झाल्यावर आठवतो, तोही तो भांडायला आल्यावर. मग एका खोलीसाठी दोन घरं वर्षानुवर्षं तारखा करत बसतात. हे टाळता येतं. त्यासाठी कामाआधी करायच्या गोष्टी फार नाहीत, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतीसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. सामाईक भिंतीत काम करायचं असेल तर तिथे दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याच्या इमारतीपासून तीन मीटरच्या आत, त्याच्या पायापेक्षा खोल खणायचं असेल तर एक महिना आधी. शेजारी कबूल झाला नाही तर दोन्ही बाजूंनी नेमलेले तज्ज्ञ निवाडा करतात. आपल्याकडे असा कायदा नाही. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा (ज्याला कोर्टात सगळे ‘ईझमेंट’ म्हणतात), मनाई हुकुमासाठी १९६३ चा विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, बांधकाम परवानगीचे नियम आणि न्यायालयांचे निकाल यांतून वाट काढावी लागते. म्हणून जे काम तिकडे नोटीस करते, ते इकडे तुमच्या आणि शेजाऱ्याच्या लेखी कराराला करावं लागतं.

भिंत नेमकी कोणाची?

दोन घरांमधली भिंत तीनपैकी एका प्रकारची असते: पूर्ण तुमची, पूर्ण त्यांची किंवा दोघांची. जुन्या धाब्याच्या घरांत तिसरा प्रकार फार आढळतो. दोन-अडीच फूट जाडीची मातीची किंवा विटामातीची एकच भिंत, आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी लाकडी तुळया घुसलेल्या. एकाच वाड्याची भावांत वाटणी झाली की मधली भिंत आपोआप सामाईक होते. वाटणीपत्रात खण कोणाचे ते लिहिलेलं असतं, भिंतीचा उल्लेख नसतो.

भिंत दोघांची असेल तर ‘माझ्या बाजूची अर्धी मी पाडतो’ असं म्हणता येत नाही. अर्धी भिंत काढली की उरलेली अर्धी उभी राहीलच याची खात्री नसते, आणि तिच्यावर शेजाऱ्याचं छत असतं. तिच्यावर परस्पर मजला चढवणंही धोक्याचं. १८९० च्या दशकात मद्रास उच्च न्यायालयापुढे कनकय्या विरुद्ध नरसिंहुलू हा खटला आला होता. एका सहमालकानं सामाईक भिंत परस्पर उंच केली होती. त्यामुळे शेजाऱ्याचा उजेड अडला नव्हता, वारा अडला नव्हता, काही गैरसोयही झाली नव्हती. तरीही न्यायालयानं नवा भाग काढून टाकायला लावला. ‘तुझं काय नुकसान झालं?’ हा प्रश्न अशा वेळी कामी येत नाही.

भिंत कोणाची हे ठरवायला खरेदीखत, वाटणीपत्र, त्यातल्या चतुःसीमा, तुळया कोणत्या बाजूनं किती आत गेल्या आहेत आणि आजवर डागडुजी कोणी केली हे पाहा. जुनी माणसं हयात असतील तर त्यांच्याकडून समजून घ्या. नगरपालिकेची करपावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कराची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. शहरात आखीव पत्रिका काढा. गावठाणात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद आणि नकाशा मिळतो. ही योजना २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली आणि गावठाणातल्या घरांच्या हद्दी नकाशावर आणणं हाच तिचा उद्देश आहे.

मोजणी: आधी हद्द, मग आखणी

तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करता येतो. तो आता ऑनलाइनही भरता येतो. मोजणीची नोटीस लगतदारांना जाते. त्या दिवशी शेजारी हजर राहील याची काळजी स्वतः घ्या, नोटिशीच्या भरवशावर राहू नका. त्याच्या देखत खुणा पडल्या तर पुढचं निम्मं बोलणं तिथेच संपतं. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडे निमताना मोजणीचा मार्ग आहे. मात्र भूमी अभिलेख खातं हद्द दाखवतं, अतिक्रमण काढून देत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावं लागतं.

आपल्याकडे एक अडचण नेहमीची आहे. पलीकडचं घर बंद असतं, मुलं पुण्याला किंवा संभाजीनगरला, आणि आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचंच नाव असतं. अशा वेळी गावात राहणाऱ्या एका भावाचा होकार पुरत नाही. वारस किती, त्यांत बहिणी आहेत का, हे विचारा आणि संमती सगळ्यांची घ्या. पुढे घर विकलं गेलं की राहिलेली सहीच आडवी येते.

परवानगी मालकी ठरवत नाही

बुलढाणा, खामगाव, शेगाव, मलकापूर, चिखली, लोणार अशा नगरपरिषदांच्या हद्दीत आणि मोताळा, संग्रामपूर या नगरपंचायतींत बांधकामाला परवानगी लागते. वाढीव खोली, वरचा मजला, रस्त्याकडे काढलेली गॅलरी हेही बांधकामच. खेड्यात ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ खाली ग्रामपंचायतीचा संबंध येतो. राज्यभर (मुंबईसारखे काही भाग सोडून) डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. छोट्या भूखंडांसाठी तिच्यात कागदपत्रांची सोपी पद्धत आहे, पण सोपी पद्धत म्हणजे मोकळीक नव्हे. बाजूला किती जागा सोडायची, किती उंच जायचं हे नियम तिथेही लागतात. दाट वस्तीतले नियम वेगळे आणि नव्या ले-आउटमधले वेगळे, म्हणून नकाशा परवानाधारक अभियंत्याकडूनच करून घ्या.

नगरपालिकेनं नकाशा मंजूर केला म्हणजे हद्दीचा वाद मिटला, असा एक गैरसमज आहे. परवानगी देणारं कार्यालय मालकीचा निवाडा करत नाही. मंजूर नकाशा हातात असूनही शेजाऱ्याच्या जागेत गेलेली वीतभर भिंत अतिक्रमणच राहते.

लोणारकरांसाठी आणखी एक गोष्ट. दैत्यसूदन मंदिरासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्वाच्या सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. शेजारी कबूल आहे, नगरपालिकाही कबूल आहे, एवढ्यानं तिथे काम भागत नाही.

घाटावरची जमीन आणि घाटाखालची

सामाईक भिंतीचं बरंचसं भवितव्य जमिनीखाली ठरतं, आणि इथे आपला बुलढाणा जिल्हा सरळ दोन भागांत विभागलेला आहे. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुरा-शेगाव-संग्रामपूरच्या पट्ट्यात खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उन्हाळ्यात कोरड्या भेगाळलेल्या जमिनीत घेतलेला उथळ पाया पहिल्याच पावसाळ्यात वर उचलला जातो, आणि शेजारच्या जुन्या भिंतीला आपल्याबरोबर ओढतो. तिरप्या भेगा पडतात त्या यातूनच. म्हणून काळ्या मातीत पाया मातीच्या हलत्या थराच्या खाली न्यावा लागतो. माती फार खोल असेल तर अभियंते खाली फुगवट्याचे, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल सुचवतात. त्यांची खोली साधारण साडेतीन मीटरच्या आसपास असते. खर्च वाढतो खरा, पण शेजाऱ्याची भिंत दुरुस्त करून देण्यापेक्षा तो परवडतो.

घाटावर, बुलढाणा-चिखली-मेहकरकडे, बऱ्याच ठिकाणी थोड्या खोलीवर मुरूम किंवा पाषाण लागतो. पाया लवकर बसतो, पण धोका वेगळा असतो. पाषाण फोडायला लावलेल्या ब्रेकरच्या हादऱ्यांनी पलीकडची मातीची भिंत सुटू शकते. अशा ठिकाणी भिंतीलगत मशीन लावू नये, छिन्नी-हातोड्यानं फोडावं.

खारपाणपट्ट्यात पाण्याचाही विचार हवा. खाऱ्या बोअरच्या पाण्यात कालवलेलं काँक्रीट लोखंडाला गंज आणतं आणि भिंतीला लोणा फुटतो. भारतीय मानक ४५६ नुसार लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. पाणी तपासून घ्या. लागून असलेल्या भिंतीचा लोणा हद्द पाहून थांबत नाही.

बांधताना काय करावं, काय टाळावं

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे जुनी सामाईक भिंत जागेवर राहू द्यायची आणि आपलं नवं घर आपल्या हद्दीत, आपल्या कॉलमवर उभं करायचं. नव्या स्लॅबचं वजन जुन्या भिंतीवर टाकू नका. हद्दीवरच्या कॉलमचं फुटिंग पलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून ते एका बाजूला घेऊन आतल्या कॉलमशी स्ट्रॅप बीमनं बांधतात. हे काम मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका, अभियंत्याचं ड्रॉइंग हवं.

भिंतीलगतचा पाया एकाच वेळी सगळ्या लांबीत उघडायचा नाही. थोडा भाग खणायचा, भरायचा, मग पुढचा. शेजाऱ्याची भिंत उघडी पडत असेल तर आधी लाकडी टेकू लावायचे. जेसीबी भिंतीपासून लांबच ठेवा. जून ते सप्टेंबर या काळात भिंतीलगत चर उघडा ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या पायात पाणी सोडणं. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डाही सामाईक भिंतीलगत घेऊ नका. काळ्या मातीत तो ओलावा बारमाही फुगवटा देत राहतो.

दोन भिंतींत फट ठेवली तर ती वरून पत्र्यानं झाका. नाहीतर पावसाचं पाणी त्या सांदीत जाऊन दोघांच्याही भिंती ओलावतात. पत्रा मात्र आपल्या भिंतीलाच ठोका.

खिडकी, पन्हाळ आणि कूलर

सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार एखाद्या खिडकीतून येणारा उजेड-वारा किंवा भिंतीला मिळणारा आधार वीस वर्षं शांतपणे, अडथळ्याविना आणि हक्क म्हणून वापरला, की त्यावर हक्क निर्माण होतो. म्हणून शेजाऱ्याच्या भिंतीत जुनी खिडकी असेल तर ती केव्हाची आहे ते विचारा. ती बुजेल अशी भिंत चढवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. पन्हाळीतून तुमच्या अंगणात पडणाऱ्या पाण्याचंही तसंच.

नव्या खिडकीबद्दल कायद्यात आपोआप असा खासगीपणाचा हक्क नाही, पण गावाची तशी रूढी असेल तर कलम १८ त्या रूढीला मान देतं. व्यवहारात मात्र कलमापेक्षा मोरी आणि न्हाणीघर महत्त्वाचं. वरच्या मजल्याची खिडकी पलीकडच्या परसात उघडणार असेल तर ही गोष्ट पुरुषांशी बोलून सुटत नाही, त्या घरातल्या काकूंना आणि वहिनींना विचारावं लागतं. खिडकी उंचावर घेणं किंवा दुधी काच लावणं एवढ्यावर बहुधा भागतं.

वऱ्हाडात कूलरशिवाय उन्हाळा जात नाही. खिडकीतला कूलर सांदीत लावला की त्याचं पाणी आणि आवाज पलीकडे जातो. कूलर कुठे बसणार आणि पाणी कुठे जाणार, हे नकाशातच ठरवून घ्या.

करारात काय लिहावं

शेजाऱ्याकडे बोलणी करायला जाताना हातात नकाशा असावा. ‘काकाजी, दिवाळीनंतर मागं दोन खोल्या काढाव्या म्हणतो, तुमच्या भिंतीलगतचं काम हे असं राहील, बघून घ्या,’ एवढी सुरुवात पुरेशी आहे. त्यांना विचार करायला आठ-पंधरा दिवस द्या. होकार मिळाला की तो कागदावर आणा:

१. दोघांची नावं, मिळकतीचा क्रमांक, मोजणीची तारीख आणि ‘क’ प्रत.
२. भिंत कोणाची हे दोघांनी मान्य केलेलं एक वाक्य.
३. कामाचं स्वरूप, पायाची खोली, कामाच्या वेळा, सुरू-बंदच्या तारखा.
४. काम सुरू होण्याआधी शेजाऱ्याच्या भिंतीचे तारखेसह फोटो. जुन्या भेगांची यादी दोघांच्या सहीची. मोठ्या भेगेवर प्लास्टरची पट्टी ओढून तारीख टाकली, तर भेग वाढली की पट्टी तडकते आणि वाद उरत नाही.
५. शेजाऱ्याच्या आवारात मजुरांनी जायची आणि पाड बांधायची परवानगी, आणि मलबा कोण उचलणार.
६. नुकसान झालं तर कोण, किती दिवसांत दुरुस्त करणार.
७. वाद झाल्यास कोणता अभियंता किंवा कोणती मध्यस्थ व्यक्ती पाहणी करणार.

घाटाखाली राहत असाल तर आणखी एक कलम घाला: ही जबाबदारी काम संपल्यावर एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा राहील. काळ्या मातीतल्या भेगा बऱ्याचदा काम संपल्यावरच दिसतात. काम संपलं त्या दिवशी करार संपवला तर तो करार नेमका गरजेच्या वेळी हाताशी नसतो.

महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा कराराला किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. तात्पुरत्या परवानगीसाठी नोटरीकडे केलेला करार चालतो. पण शेजाऱ्यानं कायमचा हक्क दिला असेल, उदाहरणार्थ सामाईक भिंतीवर मजला चढवायचा, तर तो दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नोंदणी नसलेला कायमचा हक्क पुढच्या खरेदीदारापुढे टिकत नाही.

तोंडी होकारावर थांबू नका, आणि तोंडी होकार देऊही नका. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० नुसार, दिलेल्या परवानगीवर विसंबून समोरच्यानं कायमस्वरूपी बांधकाम केलं आणि खर्च केला, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. चहा पिताना सहज म्हटलेलं ‘बांध की’ कोर्टात परवानगी ठरू शकतं. कागद झाला तर तुम्ही नेमकं कशाला हो म्हणालात, हे स्पष्ट राहतं.

तुम्ही शेजारी असाल तर

पलीकडे चुना टाकलेला दिसला, की लगेच विचारा. नकाशा पाहायला मागा. काम हद्दीत आणि नियमात असेल तर केवळ जुन्या रागापोटी अडवू नका. उद्या तुम्हालाही घर वाढवायचं असतं. आक्षेप असेल तर तो लेखी, पाया चालू असतानाच, बांधणाऱ्याला आणि नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या. स्लॅब पडेपर्यंत गप्प बसलेल्या माणसाला बांधकाम पाडण्याचा हुकूम मिळणं अवघड जातं. न्यायालय अशा वेळी नुकसानभरपाईवर भागवू शकतं.

वाद झालाच तर

आधी गावातली माणसं. तंटामुक्त गाव योजना राज्यात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तुमच्या गावातली समिती काम करत असेल तर तिच्यापुढे मोजणीचा नकाशा ठेवा. त्यानं न भागल्यास बुलढाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो. लोकअदालतीतली तडजोड दिवाणी हुकूमनाम्याइतकी बंधनकारक असते आणि तिच्यावर अपील नसतं.

कोर्टात जावंच लागलं तर तात्पुरती मनाई आणि जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशनर या दोन गोष्टी वकील आधी मागतात. बांधणाऱ्याच्या बाजूनं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल करता येतं. ते नव्वद दिवस चालतं, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय मनाई मिळण्याची शक्यता कमी होते. पोलीस मारामारी थांबवतील. भिंत कोणाची हे ठाण्यात ठरत नाही.

वेळापत्रक

श्रावणात कागद गोळा करा आणि मोजणीचा अर्ज द्या. मोजणी झाली की अभियंत्याकडून नकाशा करून घ्या, शेजाऱ्याला दाखवा, आणि त्याच्या सूचनांसह परवानगीला टाका. दिवाळीच्या आसपास करार, फोटो आणि भेगांची यादी पूर्ण करा. भिंतीलगतचा पाया हिवाळ्यात, जमीन फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा दिवसांत काढा, आणि पाऊस लागण्याआधी जोतं व सांदीवरचा पत्रा संपवा. त्यापुढच्या पावसाळ्यात एकदा आणि नंतरच्या उन्हाळ्याच्या शेवटी एकदा, दोघांनी मिळून दोन्ही बाजूंची भिंत पाहायची. काही झालं असेल तर दुरुस्ती, नसेल तर करारावर ‘तक्रार नाही’ असं लिहून दोघांच्या सह्या. तो कागद खरेदीखतासोबत ठेवा.